पाठीचा कणा : भाग 7
ऑपरेशन नीट झालं, तरी पाय का जळतो?

सरकलेली गादी काढून दबलेली नस मोकळी कशी करतात, ते मागच्या भागात पाहिलं. नस मोकळी झाली की दुखणं संपतंच, असं मात्र नाही. निरनिराळ्या पाहण्यांनुसार मणक्याच्या ऑपरेशननंतर दर दहांतल्या एक ते चार जणांचं दुखणं रेंगाळतं. लाखांदूर-साकोलीकडे रोवणीत दिवसभर वाकून बांधीत पऱ्हे लावणारी बाई असो, की चिखल्याच्या मॅंगनीज खाणीत उमेदीची वर्षं घालवलेला माणूस. एमआरआय चांगला येतो, डॉक्टर ‘आता काही नाही’ म्हणतात आणि रात्री पायातून करंट गेल्यासारखी कळ येतेच. मग घरचेही ‘ढोंग करते’ म्हणू लागतात. या दुखण्यातला सगळ्यात वाईट भाग तो.

हे ढोंग नाही. बराच काळ दबलेली नस मोकळी झाल्यावरही चुकीचे संदेश पाठवत राहू शकते आणि ते ऐकून ऐकून मज्जारज्जू आणि मेंदू जास्तच हळवे होतात. 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या जागतिक वर्गीकरणात या दुखण्याची वेगळी नोंद आहे.

अशा वेळी मेंदूवरच उपचार करता येतो का, याचा शोध गेली तीसेक वर्षं चालू आहे. 1991 मध्ये जपानच्या त्सुबोकावांनी कवटी उघडून, मेंदूतल्या हालचालींचं नियंत्रण करणाऱ्या पट्ट्यावर इलेक्ट्रोड बसवले आणि हट्टी वेदना कमी झाल्याचं दाखवलं. कवटी न उघडता तिथे पोचण्याचं साधन शेफील्डच्या अँथनी बार्करनी 1985 मध्येच तयार केलं होतं. ते म्हणजे चुंबकीय उत्तेजन, टीएमएस.

रुग्ण खुर्चीत जागाच बसतो, कानात बोळे घालतो. इंग्रजी आठच्या आकाराची कॉईल डोक्यावर टेकवतात आणि हाताचा अंगठा उडेपर्यंत जागा व जोर शोधतात. मग त्याहून थोडा कमी जोर ठेवून सेकंदाला दहा ठोके देतात. टाळूवर टकटक जाणवते, कधी नंतर डोकं दुखतं. दुखतो पाय, पण कॉईल बऱ्याचदा पट्ट्यातल्या हाताच्या भागावरच असते, आणि तरीही गुण येऊ शकतो. कारण हा पट्टा मेंदूतली वेदना दाबणारी यंत्रणा जागी करतो. नालॉक्सोन हा अफूवर्गीय औषधांवरचा उतारा आधी दिला, तर हा परिणाम घटतो. म्हणजे शरीराची स्वतःची वेदनाशामकं यात कामाला लागतात.

गुण किती येतो? फ्रान्समध्ये नसांच्या वेदनेच्या 149 रुग्णांना 22 आठवड्यांत 15 बैठका दिल्या. 2021 मध्ये आलेल्या निकालात या पट्ट्यावरच्या उपचाराने खोट्या उपचारापेक्षा वेदना अधिक उतरली. कपाळामागच्या भागावर दिलेल्या उपचाराने उतरली नाही. पण सगळ्या जुन्या वेदनांचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या 2018 च्या कॉक्रेन आढाव्याला फायदा छोटा आणि थोड्या काळाचाच दिसला. टीडीसीएस या सौम्य विद्युतप्रवाहाच्या पद्धतीचा पुरावा तर आणखी कच्चा आहे. मणक्याच्या ऑपरेशननंतर लगेच ती वापरून पाहिली, तेव्हा बेल्जियममध्ये मॉर्फिनची गरज घटली नाही. अमेरिकेतल्या एका छोट्या चाचणीत वेदनाशामक कमी लागलं. ऑनलाइन मिळणारी यंत्रं घरी आणून डोक्याला लावू नका.

टीएमएसचं यंत्र आपल्याकडे बहुधा मनोविकार विभागात असतं, कारण अमेरिकेत 2008 मध्ये त्याला मान्यता मिळाली ती नैराश्यासाठी. तिथे पाठवलं म्हणून दुखणं मनाचं ठरत नाही, हे घरच्यांनाही सांगा. खरी अडचण येण्याजाण्याची आहे. भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर, लाखांदूरहून त्याहून बरंच लांब. सुरुवातीला रोज जावं लागतं, पुढे दोन बैठकांमधलं अंतर वाढवत नेतात. ज्याची कंबर धक्क्याने दुखते, त्याला एसटीचा रोजचा प्रवास सांगताना डॉक्टरांनी मुक्कामाचाही विचार करायला हवा.

जाण्याआधी दोन गोष्टी तपासून घ्या. गादी पुन्हा सरकली नाही ना, मणक्यात बसवलेला स्क्रू हलला नाही ना. तसं असेल तर चुंबकाचा उपयोग नाही. आणि डोक्यात धातूची क्लिप, कानात कॉक्लिअर इम्प्लांट, छातीत पेसमेकर किंवा पूर्वी फिट आलेली असेल, तर ते आधीच सांगा. लघवी-संडासवरचा ताबा सुटला किंवा पाऊल लुळं पडू लागलं, तर मात्र त्याच दिवशी सर्जन गाठा.