वजनघटीचा हिशेब : ताट आणि चाल

चेन्नईच्या मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनच्या पुढाकाराने झालेल्या ‘आयसीएमआर-इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात की, भारतीयांच्या आहारातील सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते. त्यात पांढरा तांदूळ, दळलेली तृणधान्ये व साखर यांचा वाटा मोठा आहे. नांगरणी-मळणी यंत्रांकडे गेली, ताट मात्र पूर्वीचेच राहिले.

साठ किलो वजनाची व्यक्ती अर्धा तास भरभर चालल्यास साधारण १२० किलोकॅलरी खर्च होतात. मूठभर शेंगदाण्यांतून तेवढ्याच परत मिळतात. त्यामुळे केवळ चालण्यावर भिस्त ठेवणे फारसे उपयोगाचे नाही. रोज सुमारे ५०० किलोकॅलरींची तूट, निम्मी ताटातून व निम्मी तासाभराच्या चालण्यातून, राखल्यास आरंभी आठवड्याला जवळपास अर्धा किलो वजन उतरते. पुढे ही गती मंदावते. भात निम्मा करून ताटात उसळीचे प्रमाण राखावे. कडक उपासात चरबीबरोबर स्नायूही झिजतात.