मूल पुन्हा अंथरुणात लघवी करू लागले, तर साखर तपासा

बाबासाहेबांना मधुमेह होता, हे आपल्या घराघरांत माहीत आहे. १५ एप्रिल १९४८ रोजी डॉ. शारदा कबीर यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि पुढे माईसाहेबांनी त्यांचे पथ्यपाणी सांभाळले. आपल्या वस्तीतही गल्लीगल्लीत ‘शुगरवाले’ आजी-आजोबा आहेत. त्यामुळे मधुमेह म्हणजे वय झालेल्यांचा आजार, अशी आपली पक्की समजूत झाली आहे. ही समजूत लहान मुलांच्या जिवावर बेतू शकते, म्हणून या अंकात आम्ही हा विषय घेतला आहे.

दोन वर्षांच्या, पाच वर्षांच्या मुलालाही मधुमेह होतो. तो बहुधा ‘टाइप १’ प्रकारचा असतो. आपल्या पोटात स्वादुपिंड नावाचा अवयव आहे. त्यातल्या काही पेशी इन्सुलिन तयार करतात. शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच चुकून या पेशी नष्ट करते. इन्सुलिन नसेल तर खाल्लेले अन्न रक्तात साखर होऊन साचते, पण शरीराला लागत नाही. मुलाने गोड जास्त खाल्ले म्हणून हा आजार होत नाही. आईचे काही चुकले म्हणूनही होत नाही. नजर लागण्याचा तर प्रश्नच नाही. प्रत्येक दुःखाला कारण असते आणि ते शोधायचे असते, ही आपली शिकवण इथे शब्दशः उपयोगी पडते.

चार खुणा

तहान: मूल सारखे पाणी मागते, रात्री उठून पिते.
लघवी: वारंवार आणि भरपूर होते. रात्री कोरडे राहणारे मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागते. तान्ह्या बाळाचे लंगोट नेहमीपेक्षा लवकर आणि जड भिजतात. लघवीच्या जागी मुंग्या लागतात.
वजन: मूल नीट जेवते, कधी जास्तच खाते, तरी बारीक होत जाते.
थकवा: खेळणारे मूल कोपऱ्यात बसून राहते, चिडचिड करते.

या खुणा आपल्याकडे कशा निसटतात, तेही पाहू. पनवेलचा दमट उन्हाळा असतो, म्हणून तहानेला ‘ऊन लागलंय’ म्हटले जाते. वजन उतरले तर ‘उंची वाढतेय’. अंथरूण ओले केले तर मुलालाच दटावले जाते. मूल सार्वजनिक शौचालयात जात असेल, तर ते दिवसातून किती वेळा जाते हे आईला कळतच नाही. म्हणून मोठ्या भावंडांना विचारा, अंगणवाडीच्या ताईंना आणि शाळेतल्या बाईंना विचारा. अंगणवाडीत आणि शाळेत सरकारी आरोग्य पथक येते हे खरे, पण हा आजार पथकाच्या दोन भेटींच्या मधल्या काळातच उसळी मारतो. त्या तपासणीची वाट पाहत बसू नका.

एक थेंब रक्त, त्याच दिवशी

यातली खूण दिसली, तर त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा, ‘याची साखर तपासा.’ बोटाला टोचून ग्लुकोमीटरवर तपासायला मिनिटभरही लागत नाही. उपाशीपोटीच यायला हवे असे नाही. खुणा आहेत आणि कोणत्याही वेळेची साखर २०० किंवा त्याहून जास्त आली, तर तो मधुमेह समजून लगेच मोठ्या रुग्णालयात जायचे. आकड्याऐवजी मशीनवर ‘हाय’ दिसले, तर साखर मशीनला मोजता येण्यापलीकडे गेली आहे.

उलट्या, पोटदुखी, खोल आणि जोरजोरात श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास, गुंगी ही धोक्याची लक्षणे आहेत. अशा वेळी रक्तात आम्ल साचलेले असते आणि तासातासाला जीव धोक्यात येतो. ही लक्षणे पोट बिघडल्यासारखी किंवा दम्यासारखी वाटतात, म्हणून चूक होते. वस्तीत तर ‘अशक्तपणा आलाय, ग्लुकोजची बाटली लावा’ असे सर्रास होते. साखर न तपासता अशा मुलाला ग्लुकोज चढवणे म्हणजे आगीत तेल ओतणे. आधी तपासणी, मग बाटली, हे आग्रहाने सांगा.

अशा वेळी १०८ ला फोन करा. पनवेलचे उपजिल्हा रुग्णालय आणि कामोठ्याचे एम.जी.एम. रुग्णालय आपल्याला जवळ आहे. पुढील उपचारांसाठी परळचे वाडिया बालरुग्णालय आहे. जाताना रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवा आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते, ते आरोग्यमित्राला विचारा.

इन्सुलिन थांबवायचे नाही

जानेवारी १९२२ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन मिळाले. त्याआधी अशी मुले फार काळ जगत नसत. आज ती शिकतात, नोकरी करतात, संसार करतात. मात्र इन्सुलिन रोज घ्यावे लागते. कारल्याचा रस, काढा किंवा मोठ्यांच्या शुगरच्या गोळ्या त्याची जागा घेऊ शकत नाहीत. सुरुवातीच्या काही महिन्यांत डोस कमी लागू लागतो आणि आजार बरा झाला असे वाटते. तो बरा झालेला नसतो. मूल आजारी पडले, जेवले नाही, तरी स्वतःच्या मनाने इंजेक्शन बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

घरात फ्रिज नसेल, तर इन्सुलिनची बाटली कोरड्या डब्यात घालून ओल्या मातीच्या मडक्यात ठेवा. पत्र्याच्या घरातल्या उष्णतेने औषध निकामी होते. मुलाला अचानक घाम फुटला, हात थरथरू लागले, तर साखर उतरलेली असू शकते. शुद्धीत असेल तर लगेच साखरेचे पाणी पाजा. शाळेत वेळेवर खाणे आणि इंजेक्शन घेऊ द्यावे, असे राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये राज्यांना कळवले आहे. मुख्याध्यापकांशी बोलताना हे सांगा.

आणि मुलगी असेल, तर ‘पुढे लग्न कसं होणार’ म्हणून आजार लपवू नका. लपवलेले इंजेक्शन चुकते, आणि चुकलेले इंजेक्शन जिवावर येते.

विहाराच्या फळ्यावर एक कागद

इटलीतील पार्मा शहरात १९९१ पासून शाळांमध्ये आणि बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांत एक साधे पोस्टर लावले गेले. मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागले तर मधुमेह असू शकतो, एवढाच त्याचा मुख्य संदेश होता. त्याआधी तिथे नव्याने निदान होणाऱ्या शंभरातील सुमारे ७८ मुले रक्तात आम्ल साचलेल्या गंभीर अवस्थेत पोहोचत. मोहिमेच्या काळात हे प्रमाण शंभरात १२-१३ वर आले.

हे काम आपल्या विहारातही होऊ शकते. तहान, लघवी, वजन, थकवा हे चार शब्द मोठ्या अक्षरांत कागदावर लिहा, खाली ‘आजच साखर तपासा’ आणि ‘१०८’ लिहा, आणि तो कागद फळ्यावर लावा. रविवारच्या वंदनेनंतर महिला मंडळाने पाच मिनिटे यावर बोलावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवावे. शेजारची एक आई जरी एक दिवस आधी दवाखान्यात पोहोचली, तरी तो कागद सार्थकी लागला.

जय भीम.