मॉट स्ट्रीटवरची दुभाषी मुलं

न्यूयॉर्कच्या चायनाटाउनमध्ये 1971च्या उन्हाळ्यात दहा दिवस मॉट स्ट्रीट या रस्त्यावर आरोग्य जत्रा भरली. नाव जत्रेचं, पण थाट आपल्याकडच्या आरोग्य शिबिराचा. डॉक्टर, परिचारिका होत्याच. मात्र लोकांना बोलावून आणणं आणि डॉक्टरांचं बोलणं चिनीत समजावून सांगणं यासाठी हवी होती ती वस्तीतली तरुण मुलं. टॉमस टॅम हे त्यांच्या म्होरक्यांपैकी एक.

शहरात दवाखान्यांची वाण नव्हती. तिथे चिनी बोलणाऱ्याचं ऐकून घेणारं कुणी नव्हतं, एवढंच.

ही वेळ का आली, हे समजायला मागे जावं लागतं. 1882च्या कायद्याने अमेरिकेने चिनी मजुरांना दार बंद केलं. आधीच आलेले पुरुष कपडे धुण्याच्या दुकानांत आणि खानावळींत राबत बायकापोरांविना म्हातारे झाले. 1943 साली बंदी उठली, पण वर्षाला परवाने किती, तर 105! 1965च्या कायद्यानंतर मात्र कुटुंबंच्या कुटुंबं येऊ लागली. आया शिवणकामाच्या कारखान्यांत, बाप हॉटेलांच्या भटारखान्यांत. इंग्रजी घरात आणली ती शाळेत जाणाऱ्या पोरांनी. घरभाड्याचा करार, विजेचं बिल, आईचं दुखणं, सगळं त्यांनीच वाचायचं आणि त्यांनीच सांगायचं. आईच्या आजाराचं नाव पहिल्यांदा आपल्याच तोंडून आईला सांगणं म्हणजे काय, याचा विचार करून पाहावा. मला तरी या तरुणांच्या स्वयंसेवेचं मूळ इथे दिसतं. जे काम घरात लहानपणापासून अंगावर पडलं होतं, तेच त्यांनी गल्लीसाठी अंगावर घेतलं.

चिनी माणसांची वैद्यकीय सेवा म्हटलं की मराठी वाचकाला सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. 1938 साली ते भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि 1942मध्ये तिथेच वारले. त्यांनी समुद्र ओलांडला. या मुलांना आपल्याच रस्त्यावर उभं राहायचं होतं, आणि तेही सोपं नव्हतं. चायनाटाउनचा कारभार ज्येष्ठांच्या हातात होता. 1883 साली स्थापन झालेल्या त्यांच्या मध्यवर्ती संस्थेच्या अध्यक्षाला लोक ‘चायनाटाउनचा महापौर’ म्हणत. संस्थेचा कल कुओमिंतांग या कम्युनिस्टविरोधी चिनी पक्षाकडे. त्यामुळे व्हिएतनाम युद्धाविरुद्ध घोषणा देणारी कॉलेजची पोरं तिला लाल वाटली तर नवल नाही. पण म्हातारी माणसं तपासून घ्यायला रांगेत उभी राहिली, तेव्हा कुणाचा राजकीय रंग कोणता हे विचारायला कुणाला सवड नव्हती.

जत्रा उठली तरी गरज उठली नाही. म्हणून त्यातूनच चायनाटाउन हेल्थ क्लिनिक सुरू झालं, सुरुवातीला स्वयंसेवकांच्या बळावर आणि फुकट. पुढे पगारी डॉक्टर आले, अनुदानं आली. 1999 साली संगणक उद्योजक चार्ल्स वांग यांच्या देणगीनंतर त्याला त्यांचं नाव मिळालं. आज त्याची केंद्रं मॅनहॅटनबरोबर क्वीन्समधल्या फ्लशिंगमध्येही आहेत. फुकट राबणाऱ्यांनी सुरुवात करावी आणि पगार देणाऱ्या संस्थेने पुढे चालवावं, हाच शहाणा क्रम. तरुणांच्या उत्साहावर पन्नास वर्षं दवाखाना चालत नाही. तसा चालवू पाहणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

उत्साहाची गरज मात्र पुन्हा पडली. 23 जानेवारी 2020च्या रात्री, चिनी नववर्ष दोन दिवसांवर असताना, मलबेरी स्ट्रीटवरच्या 70 क्रमांकाच्या इमारतीला आग लागली. तिथे चिनी-अमेरिकन संग्रहालयाच्या सुमारे 85,000 वस्तू होत्या. 1980 साली जॅक चेन आणि चार्ली लाय यांनी सुरू केलेल्या इतिहास प्रकल्पाने त्यांची जमवाजमव आरंभली होती. आग विझवताना भिजलेल्या वस्तूंपैकी बहुतेक वाचल्या. मग कोविड आला, त्यापाठोपाठ आशियाई चेहऱ्यांवर हल्ले सुरू झाले, आणि म्हातारी माणसं घराबाहेर पडेनाशी झाली. तेव्हा ‘हार्ट ऑफ डिनर’सारख्या तरुणांच्या गटांनी जेवणाच्या पिशव्या दारोदार पोचवल्या. प्रत्येक पिशवीबरोबर आजीआजोबांच्या भाषेत हाताने लिहिलेली चिठ्ठी असे. मला त्या जेवणाइतकीच ती चिठ्ठी महत्त्वाची वाटते.

आणि शहर? आपल्या खात्यांनी महत्त्वाची कागदपत्रं इंग्रजीखेरीज दहा भाषांत द्यावीत, असा कायदा न्यूयॉर्कने 2017 साली केला. त्या दहांत चिनी आहे. मॉट स्ट्रीटवर जत्रा भरली, त्याला तोवर 46 वर्षं झाली होती.