विश्लेषण : ई-साप्ताहिक ‘टिडबिट्स’ ३५ वर्षे कसे टिकले?

तंत्रज्ञानाची माहिती देणारी न्यूजलेटर रोज ईमेलमध्ये येऊन पडतात. त्यातील अनेक थोड्याच काळात बंद होतात. अ‍ॅपलच्या उत्पादनांविषयीचे ‘टिडबिट्स’ हे अमेरिकी ई-साप्ताहिक मात्र १९९० पासून निघत आहे, तेही कोणत्याही मोठ्या माध्यमसमूहाच्या आधाराविना. हे कसे साधले?

सुरुवात कशी झाली?

अ‍ॅडम आणि टोन्या एंगस्ट यांनी एप्रिल १९९० मध्ये न्यूयॉर्क राज्यातील इथाका येथून ते सुरू केले. तेव्हा वेब लोकांपर्यंत पोहोचलेच नव्हते. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. सुरुवातीचे अंक ‘हायपरकार्ड’मध्ये तयार होत. ते उघडायला मॅक संगणकच लागे. १९९२ मध्ये अंक साध्या मजकुरात निघू लागला आणि तो कोणत्याही संगणकावर वाचता येऊ लागला. पुढे संकेतस्थळही आले.

पैसा कुठून आला?

जुलै १९९२ मध्ये अंकात प्रायोजकांची छोटी निवेदने येऊ लागली. इंटरनेटवरील अगदी सुरुवातीच्या जाहिरातींमध्ये त्यांची गणना होते. वेबवरील बॅनर जाहिराती त्यानंतर दोन वर्षांनी, १९९४ मध्ये आल्या. २००३ मध्ये ‘टेक कंट्रोल’ ही ई-पुस्तकांची मालिका सुरू झाली. २०१७ मध्ये ती तिचेच एक लेखक जो किसेल यांना विकण्यात आली.

वाचकांची वर्गणी का महत्त्वाची?

२०११ च्या अखेरीस ऐच्छिक सदस्यत्व सुरू झाले. लेख सर्वांसाठी मोफतच राहिले. ज्यांना उपयोग वाटला त्यांनी पैसे दिले. जाहिरातींवर चालणाऱ्या प्रकाशनाला अधिकाधिक क्लिक लागतात. मग मथळे भडक होतात, अफवांच्या बातम्या होतात. वर्गणीदार मात्र भरवशाच्या माहितीसाठी पैसे मोजतो. वर्गणीदारांच्या बळावर चाललेली नियतकालिके मराठीलाही परिचित आहेत.

मर्यादा कोणत्या?

विषय एकाच कंपनीच्या उत्पादनांभोवती फिरतो, त्यामुळे वाचकवर्ग मर्यादित राहतो. शिवाय सारा डोलारा मोजक्या माणसांच्या चिकाटीवर उभा आहे. ती थांबली, तर पुढे चालवणार कोण, हा प्रश्न उरतोच.

वाचकाने काय पाहावे?

एखादे न्यूजलेटर सुरू करण्यापूर्वी त्याचा खर्च कोण उचलतो, हे तपासावे. प्रायोजित मजकूर तसा स्पष्ट सांगितला आहे का, हेही पाहावे. आणि एखादे खरोखर उपयोगी पडत असेल, तर ते बंद पडण्याआधी वर्गणी भरावी.