तावदान बदलताना

गोमंतकातील जुन्या घरांत शिंपल्यांच्या खिडक्या असत. शिंपला लाकडी पट्ट्यांच्या खाचेत नुसता सरकवलेला असे. लाकूड फुगले तरी त्यास हलावयास थोडी जागा राही. काचेचे तावदान बसविताना हीच जागा द्यावयाची बहुधा राहून जाते.

लहानशा तड्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावून काही दिवस निभावता येते. परंतु तडा वाढतोच. पेडणे-डिचोलीकडचा पाऊस ध्यानी घेता मृगापूर्वीच तावदान बदललेले बरे.

जाड हातमोजे घालावे, फुटक्या काचेवर आडव्या-उभ्या चिकटपट्ट्या लावाव्या आणि तुकडे वरून खाली काढीत यावे. जुने लुकण पटाशीने खरवडून खाचेस जवसाच्या तेलाचा हात द्यावा. कोरडे लाकूड लुकणातील तेल शोषून घेते व लुकण झडते. काच लांबी-रुंदीत खाचेपेक्षा ३ मिलिमीटर कमी मागावी. तंतोतंत बसविलेली काच आषाढात चौकट फुगली की आपोआप तडकते. (आळ मात्र मुलांच्या चेंडूवर येतो!)

लुकण म्हणजे खडूची भुकटी व जवसाचे तेल. त्याचा पातळ थर खाचेत देऊन काच हलकेच दाबावी, बारीक खिळे ठोकावे आणि बाहेरून उतरता थर द्यावा. रंग दोन-तीन आठवड्यांनी द्यावा. तो काचेवर किंचित चढला म्हणजे सांध्यात पाणी शिरत नाही.

दुकानाच्या दर्शनी भागातील मोठी काच मात्र कारागिराकडेच सोपवावी. ती टफन्ड असल्यास कापू जाताच तिचा चुरा होतो. तशी काच मापाबरहुकूम बनवूनच घ्यावी लागते.