प्रोग्रामेबल लॉजिक उपकरण

कारखान्यातून बाहेर पडताना जिचे कार्य ठरलेले नसते आणि जिच्यातील अंकीय परिपथ वापरणारा अभियंता स्वतः ठरवतो, अशा चिपला प्रोग्रामेबल लॉजिक उपकरण म्हणतात. पीएएल, सीपीएलडी आणि एफपीजीए हे तिचे प्रमुख प्रकार होत. पुणे जिल्ह्यातील खोडद येथील जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप (जीएमआरटी) या दुर्बिणीत एफपीजीएचा वापर होतो.

इतिहास

मोनोलिथिक मेमरीज या अमेरिकी कंपनीने १९७८ साली पीएएल बाजारात आणली. तिच्यातील सूक्ष्म फ्यूज जाळून जोडण्या ठरवल्या जात. त्यामुळे त्या पुन्हा बदलता येत नसत. १९८५ मध्ये झायलिंक्सने एक्ससी२०६४ ही ६४ लॉजिक ब्लॉकची एफपीजीए आणली. तिच्यातील जोडण्यांची नोंद स्मृतीत राहत असल्याने परिपथ पुनःपुन्हा बदलणे शक्य झाले.

रचना

एफपीजीएमध्ये लॉजिक ब्लॉक आणि त्यांना जोडणाऱ्या तारांचे जाळे असते. ब्लॉकमध्ये सत्यता सारणी साठवलेली असते. उदाहरणार्थ, वीज आहे, विहिरीत पाणी आहे आणि वरची टाकी भरलेली नाही, या तिन्ही अटी पूर्ण झाल्या तरच पाण्याची मोटर सुरू करावयाची आहे. तीन अटींच्या ८ शक्यतांपैकी एकीपुढे १ आणि इतरांपुढे ० लिहिले की काम होते. नियम बदलल्यास तारा न बदलता सारणी बदलावी लागते.

आरेखन

परिपथाचे वर्णन व्हीएचडीएल किंवा व्हेरिलॉग या भाषांत लिहितात. हे लेखन संगणकाच्या प्रोग्रामसारखे दिसत असले, तरी त्यातून एकामागून एक पाळावयाच्या आज्ञा नव्हे, तर एकाच वेळी काम करणारे परिपथ तयार होतात. वर्णनाची संगणकावर चाचणी घेतल्यानंतर त्याचे लॉजिक ब्लॉकमध्ये रूपांतर होते, जोडण्यांचे मार्ग आखले जातात आणि संकेत वेळेत पोहोचतात की नाही हे तपासून तयार झालेली फाइल चिपमध्ये भरली जाते.

जीएमआरटीमधील उपयोग

जीएमआरटीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. सुधारणेनंतर तिची बँडविड्थ ३२ मेगाहर्ट्झवरून कमाल ४०० मेगाहर्ट्झ झाली. एवढ्या पट्ट्यासाठी प्रत्येक संकेताचे सेकंदाला किमान ८० कोटी नमुने घ्यावे लागतात. अंकीय रूपात आलेले हे नमुने एफपीजीए स्वीकारते आणि पुढील गणनेसाठी ग्राफिक्स प्रोसेसर असलेल्या संगणकांकडे पाठवते.

विजेच्या तारांवरील ठिणग्यांमुळे उमटणारे रेडिओ स्पंद आकाशातून येणाऱ्या क्षीण संकेतांपेक्षा कितीतरी प्रबळ असतात. पुढील टप्प्यात नमुन्यांची बेरीज झाली, की हा व्यत्यय वेगळा काढणे अवघड होते. म्हणून नमुना येताक्षणीच मध्यकापासून त्याचे विचलन तपासून मर्यादेबाहेरचा नमुना बाजूला काढणारा परिपथ एफपीजीएमध्येच बसवण्यात आला. त्यासाठी नवी चिप घडवावी लागली नाही.

मर्यादा

एकाच कामासाठी घडवलेल्या चिपच्या तुलनेत एफपीजीए सहसा अधिक वीज घेते व कमी वेगाने चालते. लाखोंच्या संख्येने उत्पादन करावयाचे असल्यास ती महाग पडते. बहुतेक एफपीजीएमधील परिपथाची नोंद वीज जाताच पुसली जाते, त्यामुळे प्रत्येक वेळी ती बाहेरील स्मृतीतून पुन्हा भरावी लागते.