फ्लॅश मेमरीची ओळख, लेखांक ११ : सेक्टरला कुलूप

नॉर फ्लॅशमधला सेक्टर नको असताना बदलतो तो दोन कारणांनी: चुकून, किंवा कोणीतरी मुद्दाम बदलला म्हणून. चिपमधल्या संरक्षणाच्या बहुतेक सोयी पहिल्या कारणासाठी आहेत. त्याच सोयी दुसऱ्यालाही पुरतील असे समजणे, ही या विषयातली सर्वांत महागडी समजूत आहे.

गेल्या भागातला नियम इथे आडवा येतो. लिहिताना १ चा ० होतो. ० चा १ करायचा तर अख्खा सेक्टर पुसावा लागतो. त्यामुळे भलत्या जागी लिहिला गेलेला एक बाइटही जागच्या जागी दुरुस्त होत नाही. तो बूटलोडरमध्ये पडला असेल, तर दुरुस्ती करणारा प्रोग्रॅमच चालू होणार नाही.

असा बाइट पडण्याची नेहमीची वेळ म्हणजे वीज जाण्याची. पुरवठा घसरू लागला की प्रोसेसर लगेच थांबतोच असे नाही. थांबेपर्यंत तो वाट्टेल त्या पत्त्यावर वाट्टेल ते लिहू शकतो. म्हणून चिप स्वतःचे व्होल्टेज तपासते. एएमडीच्या ३ व्होल्टच्या चिपा पुरवठा २.३ ते २.५ व्होल्टच्या खाली गेला की लिहिण्याची कोणतीही आज्ञा स्वीकारत नाहीत. दुसरी खबरदारी आज्ञेच्या लांबीची. याच चिपांना १६ बिटांच्या मांडणीत ५५५ या पत्त्यावर एए, २एए या पत्त्यावर ५५ आणि पुन्हा ५५५ वर ए० मिळाल्यावरच (सगळे आकडे हेक्समधले) त्या पुढचा शब्द लिहितात. सेक्टर पुसायला असे सहा टप्पे लागतात. भरकटलेला प्रोसेसर योगायोगाने हा क्रम गाठणे जवळपास अशक्य आहे. एसपीआय चिपांमध्ये हेच काम ०६ ही एक आज्ञा करते. ती ‘लेखन चालू’ हा बिट वर करते आणि प्रत्येक लेखनानंतर तो आपोआप खाली येतो.

पण हे क्रम डेटाशीटमध्ये छापलेले असतात. १९९८ मध्ये तैवानच्या चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्याने लिहिलेल्या सीआयएच व्हायरसला तेवढे पुरले. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये शिरून २६ एप्रिल १९९९ रोजी तो जागा झाला, तेव्हा त्याने हार्ड डिस्कचा सुरुवातीचा भाग तर पुसलाच, शिवाय काही बोर्डांवरच्या बायॉस चिपमध्ये कचरा भरला. तसे संगणक सुरूच होईनात. चिप काढून प्रोग्रॅमरवर नव्याने भरणे किंवा बदलणे एवढाच उपाय उरला. ज्या बोर्डावर जंपरने लेखनाची वाट तारेतच तोडलेली होती, तिथे चिपपर्यंत पोचण्याचा मार्गच त्याला नव्हता.

आजच्या एसपीआय चिपांमध्ये संरक्षणाचा पट्टा स्टेटस रजिस्टरमधले बिट ठरवतात. विनबाँडच्या ८ मेगाबाइटच्या डब्ल्यू २५ क्यू ६४ मध्ये ‘बीपी’ नावाचे तीन बिट आहेत. ते शून्य असतील तर सगळी चिप उघडी आणि तिन्ही १ असतील तर सगळी बंद. मधल्या आकड्यांनी वरचा किंवा खालचा भाग बंद होतो, त्यात नेहमीच्या मांडणीत सर्वांत लहान पट्टा १२८ किलोबाइटचा. बूटलोडर खाली आणि बदलते फर्मवेअर वर ठेवण्यासाठी ही रचना फार सोयीची आहे.

मात्र हे बिट स्वतः कोण बदलू शकतो, हा खरा प्रश्न. नुसते बीपी बिट लावून सोडले, तर लिहू शकणारा कोणताही प्रोग्रॅम आधी तेच बिट उतरवील. त्यासाठी आणखी एक बिट आणि डब्ल्यूपी नावाची पिन यांची जोडी आहे. बिट १ आणि पिन जमिनीला, अशा स्थितीत स्टेटस रजिस्टरच गोठते आणि सॉफ्टवेअरच्या हाती काही राहत नाही. दुर्दैवाने अनेक छोट्या बोर्डांवर ही पिन रेझिस्टरमधून सरळ ३.३ व्होल्टला बांधलेली असते. तिथे ती जोडी निरुपयोगी. दुसरी अडचण अधिक छुपी आहे. वेगासाठी क्वाड पद्धत चालू केली की डब्ल्यूपी पिन डेटाची वाहिनी बनते आणि तिचे संरक्षण संपते. अशा वेळी याच चिपांमधली दुसरी सोय घ्यावी: बूटलोडरने सुरुवातीलाच रजिस्टर असे बंद करावे की वीज जाऊन परत येईपर्यंत ते उघडणार नाही.

पिनचा सर्वांत नेटका वापर जुन्या क्रोमबुकमध्ये दिसतो. तिथे फर्मवेअरचा मूळ भाग कायम वाचनापुरता असतो आणि त्याचे कुलूप मदरबोर्डवरच्या एका स्क्रूने लागते. स्क्रू काढायला यंत्र उघडावे लागते, आणि ते दूरवरच्या हल्लेखोराला जमत नाही.

स्पॅन्शनच्या समांतर चिपांमध्ये प्रत्येक सेक्टरला दोन कुलपे मिळाली. एक तात्पुरते, वीज गेली की विसरणारे; दुसरे फ्लॅशमध्येच कोरलेले. कोरलेली कुलपे एकेक लावता येतात, पण काढताना सगळी एकदम निघतात, कारण तीही पुसण्याच्याच नियमाने चालतात. त्यावरची ६४ बिटांच्या पासवर्डची पद्धत एवढी मोठी आहे की ती पुढच्या लेखांकात येईल.

कुलूपबंद सेक्टरवर लिहू गेल्यास काय होते, हे मात्र आजच सांगितले पाहिजे. बऱ्याच चिपा तक्रार करत नाहीत. एएमडीची चिप सुमारे १ मायक्रोसेकंद काम चालू असल्याचे दाखवते आणि जुनाच डेटा देऊ लागते. मायक्रॉनच्या एन २५ क्यू मालिकेत निराळ्या फ्लॅग रजिस्टरमध्ये चूक दाखवणारा बिट उठतो, पण तो वाचणारा प्रोग्रॅम हवा. म्हणून ‘काम संपले’ एवढा बिट पाहून थांबणारे ड्रायव्हर अपुरे. लिहिलेले परत वाचून ताडून पाहणे आणि फरक निघाला तर सर्वांत आधी बीपी बिट तपासणे, हा क्रम ड्रायव्हरमध्येच असावा.